डाव्या हाताचा किनारा

आमच्या तांडेलमामांच्या डाव्या अंगानं जायचं असेल, तर आधी आवाज द्यावा लागे. हा कायदा बायकोपासून शेजारच्या कोंबड्यांपर्यंत सगळ्यांना लागू होता. कोंबड्या तो पाळत नसत, म्हणून रोज शिव्या खात. त्यांची बायको, म्हणजे मामी, डावीकडून जाताना हातातल्या बांगड्या वाजवायची. पोस्टमन पायरीपासूनच ओरडत यायचा. मी खाकरायचे. आमच्या साताऱ्याकडे घरात शिरताना पुरुषमाणूस खाकरतो. मला ती खोड रत्नागिरीत लागली आणि लग्नानंतरही सुटली नाही. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला अडुळशाचा काढा करून पाजला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून माझी नेमणूक रत्नागिरीला झाली आणि मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला एका घराची माडी मी भाड्यानं घेतली. घरमालक जन्मभर मासेमारीच्या होडीवर तांडेल होते. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, दर्यावर ज्याचा शब्द शेवटचा. आता ते घरी बसले होते, पण होडीवरून उतरले नव्हते. ओटा ही त्यांच्या मते घराची नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक. चूल मागं, कारण होडीतही ती मागंच असते. मी माडीवर, म्हणजे डोलकाठीच्या शेंड्यावर. त्यामुळे रोज सकाळी खालून हाक यायची, "वरच्ये, काय दिसतंय गो?"

पहिल्या दिवशी मी भाबडेपणानं सांगितलं, समुद्र दिसतोय. ते ऐकून मामा मामीकडं वळले आणि फार कीव आल्यासारखं म्हणाले, हिला दर्या दिसतोय म्हणते, साताऱ्याला हिला डोंगर तरी दिसत होता की नाही कुणास ठाऊक. मग हळूहळू मी शिकले. कुठली लाँच आली, कुठला मचवा गेला, वारा कुठल्या अंगाचा आहे, हे सांगितल्याशिवाय मला खाली चहा मिळत नसे.

खरं तर त्यांना माझ्या सांगण्याची काही गरज नव्हती. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी लांबचं दिसायचं. मला जिथं नुसतं पाणी दिसे, तिथं ते होडी दाखवायचे. होडी दिसायला लागली की ती कुणाची हे सांगायचे, आणि ती बंदरात लागली की खरोखर त्याचीच निघायची. या नजरेचा त्यांना भारी तोरा. "तांडेलानं लांबचं बगावं," ते म्हणायचे. "जवळचं बगायला खलाशी हायत."

या एका वाक्यानं त्यांचा घात केला. कारण जवळचं, त्यातून डाव्या अंगाचं, त्यांना धड दिसत नव्हतं. शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांच्या कोपरानं लवंडायचा. दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचा. एकदा मामीची बाजाराला निघालेली माशांची पाटी त्यांनी अंगणात उलटी केली आणि वर तिलाच विचारलं, की पाटी मधे कुणी आणली. दारालाही ते असंच विचारायचे. आम्ही हसायचो. म्हातारा धसमुसळा आहे, झालं, असं मीही धरून चालले होते. ज्याला क्षितिजावरचं शीड ओळखू येतं त्याचा डोळा अधू असेल, हे आमच्याच काय, वाडीतल्या कुणाच्या डोक्यात येणार? दर्यावरच्या माणसांच्या लेखी नजर म्हणजे लांबची नजर. बाकीची नजर असते हेच त्यांना मान्य नसतं.

नारळी पौर्णिमेला त्यांच्या वाडीत एक रीत होती. सगळ्यात वडीलधाऱ्या तांडेलानं पहिली होडी बाहेर काढायची, दर्याला नारळ द्यायचा, मग बाकीच्यांनी निघायचं. मी तिथं राहायला गेले त्या वर्षी मामा पताका लावलेली होडी घेऊन निघाले, वाजंत्री वाजत होती, आणि भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, त्यांनी ती होडी नाखव्याच्या नांगरून ठेवलेल्या होडीवर नेऊन घातली. हा नाखवा, म्हणजे होडीचा मालक, खालच्या आळीतला, मामांच्याच वयाचा. त्याची होडी नुकती रंगवलेली. फळी फुटली ती फुटलीच, वर मामांनी भर पाण्यात उभं राहून त्याचा बाप काढला. होडी आडवी टाकली होती म्हणे. त्या दिवसापासून दोन्ही घरांत विस्तव जाईना. नाखव्याची बायको आणि मामी बाजारात शेजारी शेजारी बसायच्या, त्या एकमेकींकडं पाठ करून मासे विकायला लागल्या.

मामी मात्र मनात काहीतरी समजली होती. होडी मामांच्या डाव्या हाताला होती, पाटीही डाव्याच हाताला होती, आणि तांब्याही. तिनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की गावात डोळ्याचा नवा डॉक्टर आलाय, त्याच्याकडं यांना न्यायचं, आणि तू शिकलेली आहेस तर तूही चल. पण नेणार कसं? या माणसाला डोळे तपासून घे म्हणणं म्हणजे पैलवानाला काठी टेकत चाल म्हणण्यासारखं. तेव्हा मामीनं त्यांना सांगितलं की नाखवा गावभर तुम्हाला आंधळा म्हणतोय, डॉक्टरकडून लिहून आणा आणि त्याच्या तोंडावर मारा. मामा त्याच दिवशी टोपी घालून तयार.

डॉक्टर पोरसवदा, हसतमुख. त्यानं भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मामांनी सगळ्यात खालची बारीक ओळ एका दमात वाचली आणि याहून बारीक काही असेल तर काढ म्हणाले. डॉक्टर चकित झाला. माझ्याकडं आणि मामीकडं मामांनी असं काही पाहिलं की मला वाटलं, झालं, आपणच मूर्ख ठरलो. पण डॉक्टरनं त्यांना आडवं झोपवलं, डोळा बधिर करून त्यावर एक बारीकसं वजनाचं यंत्र ठेवलं आणि काटा बघितला. पुन्हा ठेवलं, पुन्हा बघितला. मामा नंतर वाडीत सांगायचे की सुरमई तोलतात तसा माझा डोळा तोलला. त्या वेळी मात्र डॉक्टरचा चेहरा उतरला होता.

मग त्यानं भिंतीवर एक काळा कपडा टांगला. उजवा डोळा झाकायचा, डाव्यानं मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं, आणि काठीच्या टोकाला लावलेली पांढऱ्या डोक्याची टाचणी कडेनं आत यायला लागली की दिसली म्हणायचं. डॉक्टरनं काठी आत आणायला सुरुवात केली. मामा ठिपक्यावर नजर लावून ताठ बसलेले. टाचणी चांगली हातभर आत आली. मामा गप्प. आणखी आत आली. मामा म्हणाले, "आण की रे पोरा, कवा आणतोस?"

मामीनं पदर तोंडाला लावला. मी तिचा हात धरला. टाचणी जवळजवळ ठिपक्याला भिडली तेव्हा मामा म्हणाले, आता दिसली. मग आमचा शब्द का निघत नाही म्हणून त्यांनी झाकलेला डोळा उघडून आमच्याकडं पाहिलं, आणि परत कपड्याकडं पाहिलं. काय झालं ते त्या माणसाला आम्हाला सांगावं लागलं नाही. त्यांनी परत एकदा करायला लावलं, मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी डॉक्टर खडूनं खूण करी. शेवटी काळ्या कपड्यावर मधोमध एक लहानसं, वेडंवाकडं बेट उरलं. डाव्या डोळ्याची दुनिया तेवढीच होती. उजव्याचं बेट मोठं होतं, पण त्याचाही एक काठ खचायला लागला होता.

डॉक्टरनं काचबिंदू म्हणून सांगितलं. डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होतं आणि बारीकशा वाटेनं निघून जातं. ती वाट तुंबली की आत दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस मरत जाते. कडेकडेचं आधी जातं, समोरचं शेवटपर्यंत राहतं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. मामांनी दोनच प्रश्न विचारले. गेलेलं परत येतं का? डॉक्टर नाही म्हणाला. मग राहिलेलं राहतं का? थेंब नेमानं घातलेत तर राहील, डॉक्टर म्हणाला.

तिथून आम्ही निघालो. मला वाटलं घरी जाऊन म्हातारा पांघरूण घेऊन पडेल. पण मामा घराची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, सोडून खालच्या आळीकडं वळले आणि तडक नाखव्याच्या दारात जाऊन उभे राहिले. नाखवा जाळं विणत बसला होता, त्यानं मान वर केली नाही.

"होडी तुझी जाग्यावरच होती," मामा म्हणाले. "मलाच दिसली नाय."

नाखव्याचे हात थांबले. मग त्यानं विचारलं, "मंग माझ्या बापाला शिव्या कशाला दिल्यास?"

"त्या परत घेतो. बापाला सांग."

बाप मरून कैक वर्षं झाली होती. नाखव्यानं सांगतो म्हणून मान हलवली आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ शिकलेली, मोठ्या हुद्द्याची माणसं पाहिली. चूक आपलीच होती हे कळल्यावर घरीही न जाता आधी समोरच्याच्या दारात जाणारा माणूस मी एकच पाहिला. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तो अजून वाटतो.

आता थेंबांचं. डॉक्टरनं आधी जुन्या पद्धतीचे थेंब दिले होते. त्यांनी मामांचं कपाळ ठणकायचं आणि भर दुपारी तिन्हीसांज झाल्यासारखं दिसायचं. मग त्यानं एक नवं औषध मुंबईहून मागवून घेतलं. हे झोंबत नाही, दिसणं अंधारत नाही, सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब घातला की झालं, असं तो म्हणाला. हे थेंब आतलं पाणी तयार होणंच कमी करतात, असंही त्यानं सांगितलं. ते मामांना एकदम पटलं. होडीत शिरलेलं पाणी उपसत बसण्यापेक्षा शिरणंच कमी करायचं, हे शहाणपण त्यांच्या ओळखीचं होतं. एवढं पटलं की तिथंच घोळ झाला.

होडीची फट बुजवताना कुणी तेलाचा एक थेंब लावतं का? चांगलं चोपडावं लागतं. मामांनी तोच न्याय डोळ्याला लावला. एका थेंबाच्या जागी गालावर ओघळ येईपर्यंत औषध ओतायचं, आणि सकाळ-संध्याकाळ कमी पडतं म्हणून दुपारीही ओतायचं. घशात कडू लागायला लागलं तेव्हा तर ते खूषच झाले. औषध कडू लागलं म्हणजे गुण येतोय.

काही दिवसांनी त्यांची चाल मंदावली. ओट्यावरून हाक येईना. मामीला वाटलं डोळ्याचं मनाला लावून घेतलंय. एका सकाळी मी ड्युटीवरून परतत होते, तर पाखाडीच्या मधल्या पायरीवर मामा बसलेले, तोंड राखेसारखं, अंगाला दरदरून घाम. मी खाकरले, तरी मान वळली नाही. मामी धावत आली, तिनं मनगट धरलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, ह्यांची नाडी लागतच नाय गो. लागत होती, पण फार सावकाश, एक ठोका आला की दुसरा येतोय की नाही असं वाटायला लावणारी. नाखव्यानं रिक्षा आणली. त्यात मामांना घातलं तेव्हा मला खरंच वाटलं की हा माणूस आता परत येत नाही.

डॉक्टरनं आधी बाटली मागितली. ती रिकामी होती. मग त्यानं डोक्याला हात लावला. हे औषध हृदयाच्या औषधांच्या घराण्यातलं आहे, तो म्हणाला. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून ते नाकात उतरतं, तिथून रक्तात जातं, आणि इतकं ओतलं तर हृदयाचे ठोके मंद करतं. घशात कडू लागत नव्हतं का, असं त्यानं विचारलं. मामा खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाले, लागत होतं, म्हणून तर जास्त घालत होतो. डॉक्टर रागावला होता, पण त्यालाही हसू आवरेना.

"जन्म दर्यात गेला रे," मामा म्हणाले. "थेंब कसा मोजायचा ते कुणी शिकवलंच नाय."

काही दिवस थेंब बंद झाले. हृदयाच्या डॉक्टरकडं कार्डिओग्रामची पट्टी काढून झाली. ठोके ठिकाणावर आले, पण ते दिवस फार वाईट गेले. औषध नाही म्हणजे डोळ्यातला दाब चढणार, आणि उजव्याचा काठही खचणार, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. ते ओट्यावर उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून बसायचे, एखादं अंडं जपावं तसे. मामीला म्हणाले, डावा गेला तो गेला, पण उजव्यानं मला तुझं तोंड बगायचंय. मामी त्यांना म्हणाली की इतकी वर्षं कधी बघितलं होतं, सारखे दर्याकडं तर बघायचात. म्हणाली आणि आत जाऊन रडली.

शेवटी डॉक्टरनं तेच औषध, पण सौम्य, परत सुरू केलं. एकच थेंब घालायचा, डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा आणि दोन-तीन मिनिटं तसंच बसायचं, म्हणजे औषध डोळ्यात राहतं, खाली उतरत नाही. मामांनी उभ्या आयुष्यात घड्याळ वापरलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, म्हणजे मिऱ्या ते जयगड. डॉक्टरला काही उमगलं नाही. मला घरी गेल्यावर उमगलं.

सकाळी थेंब पडला की मामा डोळे मिटून, कोपरा दाबून, मनातल्या मनात होडी उत्तरेला सोडायचे आणि किनाऱ्यावरची एकेक खूण मोठ्यानं म्हणायचे. मिऱ्या. काळबादेवी. आरे. वारे. मधे जिथं खडक आहे तिथं सावकाश. भंडारपुळ्याला जरा थांबायचं, गणपतीपुळ्याला देवळाकडं तोंड करून हात जोडायचा, एकच, कारण दुसरा गुंतलेला. मग मालगुंड, वरवडे, रीळ, उंडी, नांदिवडे. जयगडाचा किल्ला आला की हात काढायचा. तेवढ्यात घरात कुणी बोललं तर होडी भरकटायची आणि पुन्हा मिऱ्यापासून निघावं लागायचं. त्यामुळे मामी फोडणीसुद्धा थांबवून धरायची. मी जिन्यात असले तर जिन्यातच उभी राहायचे. एकदा नाखवा मधेच काहीतरी बोलला, तर मामांनी त्याला वारे गावातच होडीतून उतरवला, आणि तो बिचारा जयगड येईपर्यंत तोंड मिटून बसला.

संध्याकाळच्या थेंबाला होडी परत यायची. जयगडापासून उलट्या खुणा, मिऱ्यापर्यंत. मी एकदा विचारलं की दोन्ही वेळा जयगडालाच का जात नाही. मामा म्हणाले, रोज जायचं आणि परत यायचंच नाय, असा तांडेल असतो काय? मग म्हणाले की जाताना सोपं असतं, किनारा उजव्या हाताला असतो आणि डाव्या हाताला नुसता दर्या, तिकडं न दिसून काही बिघडत नाही. परत येताना सगळा किनारा डाव्या हाताला येतो. हे ते सहज बोलून गेले.

डाव्या अंगाचा कायदा निघाला होता तो डोळे तपासून आल्या आल्याच. लपवाछपवी नाही, रडगाणं नाही. मला इकडचं दिसत नाही, तेव्हा इकडून येणाऱ्यानं आवाज द्यावा, म्हणून त्यांनी सगळ्या वाडीला सांगून टाकलं. आणि थेंब एकदाही चुकला नाही. ताप असो, लग्नकार्य असो, मयत असो. एका लग्नात अक्षता हातात घेऊन सगळे उभे, आणि मामा कोपऱ्यात डोळे मिटून काळबादेवी, आरे, वारे करत बसलेले. नवऱ्याच्या बापाला वाटलं कुठली तरी मंगलाष्टकं आहेत.

वर्ष होत आल्यावर डॉक्टरनं परत काळा कपडा टांगला. मागच्या खुणा त्यानं कागदावर उतरवून ठेवल्या होत्या. मामी आणि मी मागं उभ्या. टाचणी आत यायला लागली, आणि उजव्या डोळ्याला ती गेल्या साली जिथं दिसली होती अगदी तिथंच दिसली. डाव्यालाही तसंच. बेटं होती तेवढीच होती, एक काठही ढासळला नव्हता. डॉक्टरनं मामांचा हात हातात घेतला. मामीनं बाजारातली सगळ्यात मोठी सुरमई त्याच्याकडं पाठवून दिली. तो शाकाहारी निघाला, ती भानगड वेगळी.

पुढं नारळी पौर्णिमा आली. रीत म्हणजे रीत, वाडीनं मामांनाच पुढं केलं. आता त्यांना जमेल की नाही अशी कुजबूज होतीच, पण तोंडावर नको कोण म्हणणार? मी या खेपेला माडीवरून नाही, धक्क्यावर उभं राहून बघत होते. मामा होडीत चढले, सुकाणू हातात घेतलं, त्याला नमस्कार केला. मग त्यांनी गर्दीत हाक मारून नाखव्याला वर बोलावलं आणि सुकाणू त्याच्या हातात दिलं.

"मी नाळेवर बसतो," ते म्हणाले. "लांबचं मी सांगन. बाजूचं तू बग."

जन्मभराचा तोरा असा सगळ्यांच्या देखत उतरवून ठेवायला छाती लागते. नाखव्यानं डोळे पुसले आणि होडी निघाली. नाळेवर बसून मामा पुढचं सांगत होते, नाखवा दोन्ही बाजू बघत होता, आणि होडी कुठंही न लागता बाहेर गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधून झालं, मामीनं आंबोळ्या केल्या, बोलायचं ते बोलून झालं. संध्याकाळी मी खाली आले तेव्हा मामांनी नुकताच थेंब घातला होता. डोळे मिटलेले, नाकाजवळचा कोपरा दाबलेला, होडी जयगडाहून निघालेली. मी आवाज दिला नाही. खाकरले असते तर रडू फुटलं असतं. तशीच हळूच त्यांच्या डाव्या अंगाला ओट्यावर जाऊन बसले. नांदिवडे गेलं, उंडी, रीळ, वरवडे गेलं. मालगुंड. गणपतीपुळ्याला मोकळा हात जोडला. भंडारपुळे, वारे, आरे. आवाज नेहमीसारखाच ठणठणीत. काळबादेवी. मिऱ्या.

मिऱ्या आलं तरी त्यांनी हात काढला नाही. डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "आनी डाव्या हाताला आमची वरची. गप बसलीय."